केए २२, एक कानडी गाणं आणि इंदू

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, पुण्यात चांदणी चौकात अडकलो होतो. शेजारी एक पांढरी बोलेरो येऊन थांबली, नंबर केए २२. केए २२ म्हणजे बेळगाव. बाहेरगावी राहणाऱ्या बेळगावकराचं लक्ष आधी नंबर प्लेटवर जातं, मग गाडीतल्या माणसांवर, हा आमचा रोगच आहे. काच खाली केलेली, आत तीनचार पोरं, आणि टेपवर (गाडीत काहीही असू दे, आम्ही टेपच म्हणतो) सोनू निगम कानडीत गात होता. 'अनिसुतिदे याको इंदु'. 'मुंगारु मळे' सिनेमातलं. गाडी सरकली, बोलेरो पुढं गेली, मी तसाच बसून राहिलो, मागचे हॉर्न मारायला लागले, आणि बायकोनं बघितलं तर माझे डोळे भरलेले.

"काय झालं?"

"काय नाही, गाणं."

"तुला कानडी कुठं येतं?"

"येत नाही."

"मग?"

ती साताऱ्याची. तिचा प्रश्न बरोबर आहे. कानडी मला बस कंडक्टरपुरती, भाजीवालीपुरती येते. एष्टु, बेड, बा, होगु. त्याच्यापुढं गाडी थांबते. आणि लहानपणापासून ज्या मराठी गाण्यांवर वाढलो ती लागली की मी मस्त गुणगुणतो, खरं रडत नाही. ('खरं' म्हणजे आमच्याकडं 'पण'. पुण्यात पहिली दोन वर्षं लोक मला विचारायचे, खरं काय खरं?) मग रडवायला हेच गाणं का? आठ दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहूलालो. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमचं घर वडगावात. बाबांचे चार माग होते, पॉवरलूम. घर पक्कं मराठी, बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे (बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणारी), म्हणजे पदबिद काही नाही, खरं मोर्चा असला की माग बंद करून जाणारे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा बाबा चार वर्षांचे होते, पुढं अख्खं आयुष्य त्या एका तारखेवर भांडण्यात गेलं. आणि मागावर कामाला कोण, तर दोघंही कानडी. त्यातला एक बैलहोंगलकडचा, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. तो बाबांना मालक म्हणायचा आणि बाबाही त्याला अण्णाच म्हणायचे, वयानं लहान असला तरी.

मागावर एक जुना रेडिओ खिळ्याला टांगलेला. आणि त्या रेडिओवर कधी कुणी न लिहिलेला एक करार होता. सकाळी सांगली, दुपारी जेवणं झाली की धारवाड. काटा फिरवायचं काम माझ्याकडं. सांगली आकाशवाणी आणि धारवाड आकाशवाणी, दोन्ही आमच्याकडं नीट लागायची, हे सीमाभागाचं सुख सीमावादावरच्या कुठल्या महाजन अहवालात लिहिलेलं नाही. खरं गंमत अशी की चार माग चालू असताना शब्द ऐकूच यायचे नाहीत. खटाक खटाक खटाक, त्यातनं चाल तेवढी गाळून यायची. त्यामुळं मला कितीतरी वर्षं कुठलं गाणं मराठी आणि कुठलं कानडी हे पक्कं ठाऊकच नव्हतं. लाईट गेली की माग थांबायचे आणि मग सेलवर चालणाऱ्या रेडिओतनं एकदम शब्द ऐकू यायचे. अरे, हे कानडी होय! असं.

२००० साल आठवतं. ३० जुलैला वीरप्पननं कानडी सिनेमातल्या राजकुमारांना पळवून नेलं. अण्णाला राजकुमार म्हणजे देव. ते स्वतः गायचे पण, नुसते हिरो नव्हते, म्हणून त्यांचं जाणं म्हणजे अण्णाला सिनेमा आणि रेडिओ दोन्ही गेल्यासारखं झालं. १०८ दिवस ते जंगलात होते. त्या १०८ दिवसांत बाबांनी सकाळची सांगली बंद केली. काही बोलले नाहीत, फक्त मला म्हणाले, "काटा धारवाडावर ऱ्हाऊ दे, त्येला बातम्या ऐकायच्या असत्यात." त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हेच बाबा काळी फीत लावून फेरीत होते, आणि अण्णा मागावर रेडिओला कान लावून. नोव्हेंबरच्या मध्याला राजकुमार सुटले, दुसऱ्या दिवशी सकाळी सांगली पुन्हा सुरू. अण्णानं स्वतः काटा फिरवला.

बाबांचं स्वतःचं गाण्याचं वय वेगळं गेलं. त्यांचं रेडिओ सिलोन. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची गीतमाला, ती ऐकायला हे खडेबाजारातल्या एका हॉटेलसमोर उभे राहायचे, कारण घरी रेडिओ नव्हता आणि हॉटेलात बसायला चहाचे पैसे नव्हते. ही गीतमाला १९५२ ला सिलोनवर सुरू झाली त्याच्यामागं पण एक मराठी माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं. बाळकृष्ण केसकर, नभोवाणी मंत्री. त्यांना वाटलं सिनेमाची गाणी पोरांना बिघडवतात, मग आकाशवाणीवरनं ती हाकलली, शास्त्रीय संगीत लावा म्हणाले. पोरं बिघडायची राहिली नाहीत, ती समुद्रापलीकडचं स्टेशन लावायला लागली एवढंच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली. बाबा आजही सांगतात की त्या हॉटेलच्या दारात ऐकलेली गाणी आता यूट्यूबवर कितीही स्वच्छ लागली तरी ती ती नव्हेतच. मधे खरखर पाहिजे आणि कपबशांचा आवाज पाहिजे.

बेळगाव म्हटलं की लोक लगेच संगीतनगरी, कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, वगैरे सुरू करतात. ते सगळं खरं. खरं आमच्या गल्लीतल्या पोरांचे कान ज्यांनी घडवले ते कोण, तर वडापचे, म्हणजे शीट भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचे, ड्रायव्हर. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, कुठल्याही वडापमध्ये बसा, पुढं दोन स्पीकर, मागं दोन, आणि कुमार सानू. १९९० ला 'आशिकी' आला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, खरं ती कॅसेट आमच्या रस्त्यांवर पुढं दहा वर्षं तरी वाजत होती. माझा मोठा भाऊ पुढच्या सीटसाठी दोन वडाप सोडायचा, स्पीकर जवळ असतो म्हणून. त्याचं पहिलं प्रेम, पहिलं भांडण, केसांचा मधला भांग, सगळं त्या टेपच्या तालावर झालंय. आजही तो कुमार सानू लागला की आवाज वाढवतो आणि वहिनी उठून आत जाते.

आता मामाची गोष्ट. मामा मराठा लाईट इन्फंट्रीत. रेजिमेंटचं सेंटर आमच्याच गावात, कॅम्पात, त्यामुळं भरती होऊन ट्रेनिंग घरापासनं सायकलच्या अंतरावर झालं आणि पोस्टिंग मात्र काश्मिरात. सुट्टीला आला की जाताना त्याला एक कॅसेट भरून द्यायची. कोरी नाइन्टी आणायची, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि चिठ्ठीवर गाणी लिहून रेकॉर्डिंगच्या दुकानात द्यायची. खरं मामाचं सांगणं असायचं की दुसऱ्या बाजूला शेवटी दहा मिनिटं रिकामी सोडा. त्या दहा मिनिटांत आजी बोलायची. बोलायची म्हणजे काय, "आवाज यायलाय काय? बोलू काय आता?" यातच चार मिनिटं. मग म्हशीचं, पावसाचं, कोण मेलं, कुणाचं जमलं. मग आई कॅसेटच्या वरच्या कडेची ती प्लास्टिकची पट्टी मोडून टाकायची, म्हणजे चुकून त्याच्यावर कुणी दुसरं काही भरू नये. मामा सांगायचा की बराकीत ती कॅसेट सगळे ऐकायचे, गाणी संपली तरी बंद करायचे नाहीत, आजीचं 'आवाज यायलाय काय' आलं की सातारचा, सिंधुदुर्गाचा, सगळे गप्प.

मागे कधीतरी रात्री जागून नॉस्टॅल्जिया या शब्दावर वाचत बसलो होतो, तर कळलं की हे मुळात एका आजाराचं नाव आहे. योहानेस होफर नावाच्या एका पोरसवदा डॉक्टरनं १६८८ मध्ये ते काढलं, घरापासनं लांब राहिलेल्या स्विस लोकांना जडणाऱ्या घराच्या ओढीसाठी. पुढं तो परक्यांच्या फौजेत नोकरी करणाऱ्या स्विस शिपायांचाच आजार म्हणून ओळखला गेला. झोप नाही, भूक नाही, ताप, आणि औषध काय तर घरी पाठवा. आणि त्या शिपायांत एक गाणं होतं म्हणे, डोंगरात गुरं हाकताना म्हणायचं, ते ऐकलं की ते रडायचे, पळून जायचे, म्हणून फौजेत ते वाजवायला बंदी होती असं रूसोनं त्याच्या संगीताच्या कोशात लिहून ठेवलंय. १७६८ चा कोश. (आमची मराठा लाईट इन्फंट्री पण १७६८ चीच, हा आपला उगाच योगायोग.) खरं त्याच्यापुढं रूसो जे म्हणतो ते मला जास्त आवडलं. तो म्हणतो, त्या चालीत तसं काही नाही. परक्या माणसाला ती ऐकवा, त्याला काहीच होणार नाही. ते गाणं गाणं म्हणून काम करतच नाही, ते आठवणीची खूण म्हणून काम करतं.

हे वाचलं तेव्हा मला आजीचं 'आवाज यायलाय काय' आठवलं. आणि आता चांदणी चौकातनं आल्यावर बायकोचं 'मग?'.

तर २००७.

'मुंगारु मळे' २००६ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी लागला. २९ तारखेला. योगराज भटांचा सिनेमा, गणेश हिरो, मनो मूर्तींचं संगीत, आणि हे गाणं जयंत कायकिणींनी लिहिलेलं. बेंगळूरच्या मल्टिप्लेक्समध्ये तो वर्षाहून जास्त चालला. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त एवढं ठाऊक की जानेवारी संपता संपता गावातलं प्रत्येक मोबाईल दुकान, प्रत्येक रिक्षा, प्रत्येक ज्यूस सेंटर हेच वाजवूलालंय. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि संध्याकाळी टॅलीचा क्लास, टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. क्लासच्या खाली मोबाईलचं दुकान, तो मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. त्यानं दाराबाहेर एक काळा स्पीकर ठेवलेला आणि साडेपाचला आम्ही जिना चढायला आणि ते गाणं सुरू व्हायला एकच गाठ, कारण दिवसभर तेच लागायचं.

क्लासमध्ये एक मुलगी होती, गोकाकची. हॉस्टेलवर राहायची. आम्ही चौघं मराठी, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी कानडी. बोलायचं कशात? हिंदीत. बेळगावची हिंदी, ती ऐकली तर उत्तरेतला माणूस पळून जाईल, खरं आमचं त्यात मस्त चालायचं. माझं काय झालं ते सांगायला नको, वय वीस होतं.

आता मुद्दा असा की मित्रांमध्ये तिचं नाव घेता येत नाही, कोण कुठं ऐकेल. टोपणनाव पाहिजे. आणि ते गाण्यानंच दिलं. 'याको इंदु'. आम्हाला 'याक' म्हणजे 'का' एवढं येत होतं. मग 'याको इंदु' म्हणजे काय? 'का गं इंदू?' झालं! सोनू निगम कुठल्यातरी इंदूला विचारतोय की का गं इंदू असं का करतेस. चौघांनी डोकं लावून हा अर्थ काढला आणि त्या दिवसापासनं ती इंदू. "आज इंदू आली काय?" "इंदूनं नोट्स मागितल्या." मी तर अख्खं गाणं वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून काढलं, मित्राच्या सोनी एरिक्सनवर एक ओळ थांबवून थांबवून, तो वॉकमनवाला फोन, त्याचं सगळ्यांना अप्रूप. अर्धे शब्द चुकीचे. जिथं कळलं नाही तिथं ज्ञानेश्वरीतल्यासारखं काहीतरी ठोकून दिलेलं. पाठ केलं. मागावर एकटा असलो की म्हणायचो.

तीन महिने हे चाललं. मग एक दिवस अण्णानं ऐकलं. तो बॉबिन बदलत होता. मला म्हणाला, "काय म्हणूलालास रे?" मी म्हटलं गाणं. मग धीर करून विचारलं, "अण्णा, ही इंदु कोण?" त्याला आधी कळेना. मग जे हसायला लागला, माग बंद केला, खाली बसला, बाबांना हाक मारली, "मालक, इकडं या, पोरगं इंदु हुडकूलालंय!" तर इंदु म्हणजे कुणी बाई नव्हे. कानडीत इंदु म्हणजे आज. बाजारात सगळे 'इवत्तु' म्हणतात, ते आम्हाला येत होतं, 'इंदु' हे पुस्तकातलं, कवितेतलं, ते आम्हाला कोण सांगणार. आज का कुणास ठाऊक असं वाटतंय, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

नाव मात्र आम्ही बदललं नाही. ती इंदूच राहिली. तिला हे कधी कळलं नाही. पुढं काही झालं पण नाही, परीक्षा झाली, क्लास संपला, शेवटच्या दिवशी तिनं ब्लूटूथनं मला चार गाणी पाठवली आणि "याद रखना" म्हणाली, ते पण बेळगावच्या हिंदीत. चारातलं एक हे होतं. माझ्याकडं ते आधीच होतं. मी पुन्हा घेतलं, त्याच नावाची दुसरी फाईल, फोननं विचारलं बदलू काय, मी म्हटलं नको, दोन्ही राहू दे.

त्याच वर्षीचा १ नोव्हेंबर सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याकडं ही तारीख दोन असते. एकाची काळा दिन, एकाची कर्नाटक राज्योत्सव. सकाळी आम्ही चौघं काळ्या फिती लावून सायकल फेरीत, घोषणा देऊन घसा बसलेला, बाबा पुढं. आणि संध्याकाळी? संध्याकाळी आम्ही चौघं चन्नम्मा सर्कलला, लाल-पिवळ्या गर्दीच्या कडेला, डॉल्बी ऐकायला. खोटं कशाला बोला. त्या दिवशी गावात सगळ्यात मोठा डॉल्बी तिथं असायचा, आणि वीस वर्षांच्या पोराला डॉल्बी कुणाचा याच्याशी घेणं नसतं. काळी फीत खिशात. नाचायची गाणी चालू होती आणि मधेच, बहुतेक पोरांना दम खायला, त्यानं ते गाणं लावलं. तेवढ्या मोठ्या आवाजात तेवढं हळू गाणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. हजारो लोक एकदम म्हणायला लागले. आणि मला, मराठी शाळेत शिकलेल्या, समितीवाल्याच्या पोराला, ते सगळं पाठ. मी पण म्हटलं. शेजारच्या पोरानं, त्याच्या गळ्यात लाल-पिवळा पट्टा, माझ्याकडं बघून मान हलवली, आपलाच समजला. चुकीच्या शब्दांसकट म्हणत होतो, तेवढ्या आवाजात कुणाला कळणार. घरी आल्यावर बाबांनी विचारलं कुठं होतास, मी म्हटलं अभ्यासाला.

हे मी बाबांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांना वाचायला कुणी दाखवू नका.

आता यातनं कुणी 'संगीताला भाषा नसते' असं काढू नका. असते. चांगली असते. कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जातात, पाट्यांना काळं फासलं जातं, दोन्हीकडनं, ते आम्ही लहानपणापासनं बघतो. आणि २०२५ मध्ये त्याच सोनू निगमच्या बेंगळूरच्या कार्यक्रमात कानडी गाणं म्हण यावरनं वाद झाला, पुढं माफीपर्यंत गेलं. ज्याच्या आवाजात अख्ख्या कर्नाटकानं प्रेम केलं त्याची ही गत. म्हणजे गाणं काही भांडण मिटवत नाही. ते दुसऱ्या दारानं आत येतं आणि बसतं एवढंच, त्याला कुणी बस म्हटलेलं नसतं.

उलटं पण झालं. २००९ ला 'जोगवा' आला. तो सगळा विषय आमच्या जिल्ह्यातला, सौंदत्तीची यल्लम्मा. आमच्या लहानपणी यात्रेला जाणाऱ्या जोगत्यांचं चौंडकं गल्लीत वाजायला लागलं की आम्ही इंग्लिश बोलायला शिकूलालेली पोरं दार लावून घ्यायचो, लाज वाटायची. मग अजय-अतुलनी 'लल्लाटी भंडार' केलं, 'जीव रंगला'ला हरिहरन आणि श्रेया घोषालला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अजय-अतुलना पण मिळाला, आणि एका महिन्यात तीच पोरं रिंगटोनला तेच लावून फिरायला लागली. दारात आलेलं फुकट नको होतं, मुंबईहनं पॅक होऊन आल्यावर पाहिजे झालं. मी पण त्यातलाच.

आणि २०१६. 'सैराट'. तोपर्यंत मी पुण्यात. गोकाकच्या, हुक्केरीच्या लग्नांत 'झिंगाट' वाजतंय आणि एक शब्द मराठी न येणारे नवरदेवाचे मित्र अख्खं म्हणतायत, असे व्हिडिओ गावाकडनं यायचे. दुसऱ्या वर्षी कानडीत 'मनसु मल्लिगे' काढला, तीच रिंकू राजगुरू, त्याच चाली, खरं अण्णाचा पोरगा मला म्हणाला, "ते कानडी झिंगाट काय जमलं नाही बघ, मराठीच बरं." आता बोला.

गंमत म्हणजे झिंगाटनं मला काहीच झालं नाही. आवडलं, नाचलो, संपलं. तेव्हा वाटायचं नोकरीमुळं आपण दगड झालो. नंतर कुठंतरी वाचलं की होलब्रुक आणि शिंडलर नावाच्या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९८९ मध्ये लोकांना वेगवेगळ्या सालातली गाजलेली गाणी ऐकवून बघितली होती, तर माणसाला साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेली गाणी सगळ्यात जास्त आवडतात असं निघालं. त्याच्या अलीकडं पलीकडं आवड उतरत जाते. झिंगाट आलं तेव्हा मी एकोणतीस. गाडी गेलेली. मेंदूचं दुकान तोवर अर्धं शटर ओढून बसतं बहुतेक, आत असलेला माल तेवढा आयुष्यभर विकत राहतं.

यावरनं पुतण्याशी भांडण झालं, गणपतीत घरी गेलो तेव्हा. तो एकोणीस वर्षांचा. त्याच्या फोनात काय नाही, संजू राठोडची 'गुलाबी साडी', माळू निपनाळचं 'ना ड्रायव्हर', पंजाबी, तमिळ, सगळं एका ओळीत, आणि एकही गाणं तो पुरतं ऐकत नाही. रीलला लागतं तेवढं. मी काकाच्या तोऱ्यात म्हटलं, "तुमच्या गाण्यांना जागाच नाही रे. आमची गाणी एका जागी वाजायची, त्या दुकानाखाली, त्या वडापात, ती जागा आठवली की गाणं आठवतं, गाणं लागलं की जागा. तुमचं सगळीकडं वाजतं, संडासात पण वाजतं, उद्या तुम्हाला आठवणार कसं?"

तो काही बोलला नाही. विसर्जनाच्या रात्री मला घेऊन गेला, कपिलेश्वरच्या पुलाजवळ, रात्रीचे तीन वाजलेले, डॉल्बीची भिंत समोर. मला त्या आवाजाचा राग आहे, सांगून ठेवतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होतात, खिडक्या थरथरतात, बंदी यायला पाहिजे असंच माझं मत आहे. तो माझ्या कानात ओरडला, "काका, हात छातीवर ठिवा." ठेवला. बरगड्या हलूलालेल्या. "ही जागा," म्हणाला.

मला उत्तर सुचलं नाही. वय झालं की उत्तरं उशिरा सुचतात, अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाला भेटायला गेलो. माग आता विकले, बाबा थकले, अण्णा पण. रेडिओ त्याच्याकडं आहे, बाबांनीच दिला. धारवाडावर काटा. मी म्हटलं सांगली लागती काय अजून? तो म्हणाला, "लागती की. सकाळी सांगलीच लावतो, सवय पडल्या न्हवं."

तर हे सगळं मी बायकोला सांगितलं. एवढं नाही, खरं बरंचसं. वडगाव, माग, मामाची कॅसेट, होफर, रूसो, साडेतेवीस वर्षं, चन्नम्मा सर्कल. दीड तास बोललो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"इंदू कोण?"

मी म्हटलं, "सांगितलं की, इंदु म्हणजे आज."

"ते कळलं. कोण ते सांग."